कोंबड्या कोणाकडे?

कोंबडीकाका कुणाच्याही अंगणात शिरले की आधी माणसांकडे बघत नसत, कोंबड्यांकडे बघत. किती आहेत, कुठलीच्या पायाला चिंधी बांधली आहे, घरची कुठली आणि पाहुणी कुठली, हे सगळं अंगणाच्या कडेला उभं राहून डोळ्यांनी टिपून घ्यायचे. मग घरातल्या बाईला हाक मारायचे आणि तिचं नाव, वय, मुलं किती हे विचारायच्या आधी विचारायचे, ती तांबडी कुणाची आली गं तुझ्याकडे? मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा दुपारच्या जेवणाची सोय बघतोय.

मी २०१४ साली डहाणूच्या आमच्या संशोधन केंद्रात नोकरीला लागले. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि आमच्या छापील फॉर्मांवर अजून 'ठाणे' होतं. ते खोडून वर 'पालघर' लिहिणं हे माझं पहिलं काम. डहाणू आणि तलासरीच्या काही पाड्यांमधल्या गरोदर बायका आणि लहान मुलं यांची माहिती आमचं केंद्र वर्षानुवर्षं ठेवत असे. रक्तदाब किती, रक्त किती, बाळ किती वजनाचं जन्मलं, पुढं त्याचं काय झालं. फिल्डवरची माणसं घरोघर जाऊन लिहून आणायची आणि मी ते कॉम्प्युटरवर चढवायची. समुद्राकडच्या चिकूच्या वाडीतली मी, मुंबईला शिकून आलेली. नाकानं कांदे सोलायची सवय तिथूनच घेऊन आले होते.

काका गंजाडकडच्या एका पाड्यातले. आमच्याकडे यायच्या आधी मलेरियाच्या फवारणीचा पंप पाठीवर घेऊन त्यांनी दोन्ही तालुके पालथे घातले होते. साठीला टेकलेले, हडकुळे, डाव्या खांद्यावर पंपाच्या पट्ट्याचा काळा वण. मस्टरवर त्यांचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे कोंबडीकाकाच म्हणायचे. मला ते पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणत, आणि अगं-तुगंवर. मी मॅडम होते, मला ते जरा झोंबलं होतं. पुढं पुढं कुणी मॅडम म्हटलं की मी मागं वळून बघायची, दुसरं कोण आलंय म्हणून.

त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा फिल्डवर गेले तो दिवाळीनंतरचा आठवडा होता. भात कापून झालेलं, आणि निम्मा पाडा कामाला बाहेर पडलेला. कुणी गुजरातच्या बाजूला वाड्यांवर, कुणी वापीकडे बांधकामावर, कुणी बोटीवर खलाशी. दाराला कडी, कडीला काठी अडकवलेली. मी फॉर्म काढला, 'घर बंद' या चौकोनात बरोबरची खूण केली आणि पुढं निघाले. काकांनी मला थांबवलं. म्हणाले, "बाय, घर बंद हाय, माणूस बंद नाय." आणि शेजारच्या तीन अंगणांत डोकावून चौथ्या अंगणात जाऊन उभे राहिले.

तेव्हा मला ती रीत कळली. कामाला बाहेर पडताना घरात न्यायसारखं आणि ठेवायसारखं फारसं काही नसतं, पण कोंबड्या असतात. त्या कुणाकडे तरी ठेवून जावं लागतं. नुसत्या सख्ख्या नात्याच्या घरी ठेवत नाहीत, विश्वासाच्या घरी ठेवतात. ज्याच्याकडे ठेवल्या त्याला आपण कुठं चाललो, कुणाबरोबर, कधी परत येणार, हे सांगूनच जायचं. सांभाळणारीला मधल्या काळातली अंडी, आणि पिल्लं झाली तर परत आल्यावर अर्धी अर्धी. पिल्लं विषम असली तर उरलेलं एक सांभाळणारीचं, कारण घारीवर नजर तिनं ठेवलेली असते. तेव्हा ज्या घरी कोंबड्या, त्या घरी बंद घराचा सगळा पत्ता. आमच्या फॉर्मात सासूचं नाव होतं, रेशनकार्डाचा नंबर होता, मोबाइल नंबर होता जो दर दोन महिन्यांनी बदलायचा. नव्हतं ते एवढंच, कोंबड्या कुणाकडे.

चौथ्या अंगणातल्या बाईनं सांगितलं, ती माणसं गुजरातच्या हद्दीवर अच्छाडला, ट्रक थांबतात त्या नाक्याजवळ एका ढाब्यावर भांडी घासायला आहेत. त्यांचं तान्हं बाळ आमच्या यादीत होतं, वजन घसरत चाललेलं. मी म्हटलं, उद्या बघू. काका म्हणाले, बाळाचं उद्या आजच असतं. तलासरीची एसटी, तिथून टमटम, आणि ट्रकांच्या त्या रांगांमधून आम्ही दोघं तराजू घेऊन चाललोय. ढाब्याच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी बाळाची आई सापडली. काकांनी झोळीचा तराजू उभ्या केलेल्या खाटेला अडकवून तिथंच बाळाचं वजन केलं आणि दुसऱ्या दिवशी दोघांना दवाखान्यात नेऊन बसवलं. ते बाळ वाचलं. माझी मात्र चप्पल तुटली, आणि परतीच्या एसटीत मी काकांवर मनसोक्त चिडचिड केली. त्यांनी ती शेंगदाणे खात ऐकून घेतली.

त्यांची दुसरी एक खोड म्हणजे ते कुणाकडून नुसती माहिती घेऊन येत नसत. आमच्याकडे संमतीचा फॉर्म होता, दोन पानी, बारीक अक्षरात. काका तो वाचायचे नाहीत, आपल्या बोलीत सांगायचे की तुझं हे बोलणं इथून डहाणूला जाणार, तिथून मुंबईला, तिथं शिकलेली माणसं बसून बघणार, चालंल? एकदा एका म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं, जाणार ते ठीक, पण माझं बोलणं परत कधी येणार? काकांच्या ते मनाला लागलं. तेव्हापासून ते दर खेपेला माझ्या टेबलाशी येऊन बसायचे आणि घराघराचे आकडे माझ्याकडून वहीत उतरवून घ्यायचे. मग पुढच्या फेरीत त्या त्या बाईला सांगायचे, गेल्या वेळी तुझं रक्त नऊ होतं, आता दहा झालंय, भाजी खातेस वाटतं. बायका लाजायच्या. त्या आकड्यांसाठी मी काकांवर कितीदा तरी वैतागलेय, कारण माझा अर्धा सोमवार त्यात जायचा.

२०१६ साली कागद गेले आणि टॅबलेट आले. कुठले प्रश्न ठेवायचे ते मी ठरवत होते. काका एक दिवस टोपी हातात घेऊन आले आणि म्हणाले, एक प्रश्न माझा टाक. मी हसले, पण टाकला. 'कोंबड्या कोणाकडे?' पुण्याहून सॉफ्टवेअरवाल्यांचा फोन आला की मॅडम, हा प्रश्न चुकून आलाय का. मी म्हटलं, नाही, तो पत्त्याचा प्रश्न आहे. त्यांनी ते माझ्याकडून मेलवर लेखी मागवून घेतलं. पण त्या वर्षी आमची हरवलेली माणसं इतकी कमी झाली की मुंबईहून एक डॉक्टर मॅडम खास बघायला आल्या आणि काकांबरोबर फोटो काढून गेल्या. फोटोत काकांनी टॅबलेट उलटा धरलाय.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. ती सांगायला मला आवडत नाही, पण तिच्याशिवाय काका सांगता येत नाहीत.

२०१८ च्या सुरुवातीला आमच्यासारखी चार केंद्रं एकत्र आली. सगळ्यांनी आपापली माहिती एकाच प्लॅटफॉर्मवर ओतायची, एकाच साच्यात, म्हणजे इथल्या बायकांचं आणि कुठल्या तरी दूरच्या जिल्ह्यातल्या बायकांचं एकत्र बघता येईल. काम तसं चांगलंच होतं, आजही मी तेच म्हणेन. एका पाड्यात दोन बायकांना झालेलं योगायोग वाटतं. चार ठिकाणी तेच दिसलं की माणूस कारण शोधायला लागतो. फक्त साचा एक हवा होता. साच्यात न बसणारे रकाने वेगळे काढा, हवे तर आपल्यापुरते वेगळे ठेवा, असं बैठकीत सांगितलं होतं. 'आपल्यापुरते वेगळे' म्हणजे दोन ठिकाणी काम. पडद्यावर चार केंद्रांची यादी लागली, आणि आमच्या यादीत मधोमध 'कोंबड्या'. कुणीतरी हसलं. मला लाज वाटली, आणि मी तो रकाना काढून टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. साच्यात सगळ्यांत आधी बसलेलं केंद्र म्हणून आमचं कौतुक झालं, ते मी हसत हसत घेतलं.

पुढच्या फेरीत काकांच्या टॅबलेटवर प्रश्न दिसेना. त्यांना वाटलं, आपल्या बोटानं काही बिघडलं. दोन दिवस ते टॅबलेट फडक्यानं पुसत होते, मग भीत भीत माझ्याकडे आले. मी म्हटलं, काका, वरून आलंय, काय करणार. 'वरून' म्हणजे माझ्याच खुर्चीवरून. ते बरं म्हणाले आणि गेले. त्यांच्या पाड्यांचं काही अडलं नाही, कारण सगळ्या कोंबड्या त्यांच्या डोक्यात होत्या. अडणार होतं ते दुसऱ्यांचं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर इकडे जमीन हलायला लागली. दिवसा, रात्री, केव्हाही धक्का. माणसं घराबाहेर झोपत होती, एरवी मागं राहणारी पुष्कळ घरंही रिकामी झाली. माझ्या पडद्यावर बंद घरांच्या लाल रेघाच रेघा. त्यातली एक रमिलाची. तलासरीकडच्या पाड्यातली, पहिलटकरीण, सातवा महिना. शेवटच्या भेटीत तिचा रक्तदाब काठावर होता, आठवड्यानं परत बघायचा होता. फिल्डवरची नवीन बाई तीनदा जाऊन आली, तीनदा 'घर बंद' लिहिलं. तीनदा बंद आलं की प्लॅटफॉर्म आपण होऊन 'संपर्क तुटला' असं लिहितो आणि नाव रोजच्या यादीतून काढून टाकतो. मी ती रेघ पाहिली होती. धक्क्यांमुळं गेली असतील, येतील, असं म्हणून मी खाली सरकले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला तेव्हापासून कुणी समजावून सांगायला नको.

सोमवारच्या मिटिंगमध्ये मी तुटलेल्या संपर्कांची यादी वाचत होते. रमिलाचं नाव आलं, सातवा महिना, रक्तदाब काठावर. आता आठवा सरत आला असणार. काका बशीत चहा ओतत होते. त्यांनी त्या फिल्डवरच्या बाईला साधेपणानं विचारलं, तिच्या कोंबड्या कोणाकडे? ती टॅबलेटमध्ये शोधायला लागली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. काकांनीही बघितलं. चहा तसाच ठेवून ते उठले आणि तलासरीच्या एसटीला गेले.

चार वाजता त्यांचा फोन आला. पाड्याच्या शेवटच्या घरात एक म्हातारी होती, रमिलाच्या चार कोंबड्या तिच्याकडे. वापीच्या पुढं कुठल्या जागी बांधकाम, मुकादम कोण, सगळं तिला तोंडपाठ. मुकादमाचा नंबर रमिलाच्या नवऱ्यानं कोळशानं म्हातारीच्या कुडाच्या भिंतीवर लिहून ठेवला होता. काकांनी तिथूनच नंबर लावला होता. बाळंतपणात झटके येऊन रमिला परवा गेली. मुलगी झाली होती, ती वाचली होती.

 मग काका म्हणाले, "म्हातारीला ठावं होतं, बाय. पहिल्या दिवसापासनं. तिला कुणी विचारलंच नाय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना खरं सांगितलं. वरून काही आलं नव्हतं, मला लाज वाटली म्हणून मीच काढलं. आरडाओरडा करतील, साहेबांकडे जातील, असं मला वाटलं होतं. त्यांनी जायला हवं होतं.  ते म्हणाले, "तू बाई नाय खोडली. तिचा शेजार खोडला." एवढंच. त्यानंतर ते माझ्या टेबलाशी बसेनासे झाले. आकडे लागले की कागद दाराशी धरून उभे राहायचे, आणि चहा बाहेर पायरीवर प्यायचे. माझ्या आख्ख्या आयुष्यात मला कुणी एवढी मोठी शिक्षा केलेली नाही.

रकाना मी त्याच आठवड्यात परत घातला. मग प्लॅटफॉर्मवरच्या बाकीच्या तीन केंद्रांशी भांडले, अगदी हातघाईवर येऊन भांडले, की 'घर सोडताना काय कोणाकडे ठेवतात' हा प्रश्न सगळ्यांच्या साच्यात हवा. रमिलाचं नाव न घेता तिची गोष्ट मी त्या बैठकीत सांगितली, माझ्या चुकीसकट. या खेपेला कुणी हसलं नाही. एका केंद्रानं 'शेळ्या' लिहिलं, एकानं 'किल्ली'. काकांना हे सांगायला मी पायरीवर गेले. त्यांनी मान हलवली आणि सांगितलं की म्हातारीनं रमिलाच्या कोंबड्यांची पिल्लं वाटली, निम्मी त्या पोरीच्या आजीकडे पोचवली. पोरीचं वजन बरं आहे. मी आत येऊन दार लावून रडले.

२०१९ च्या पावसाळ्यात काकांना जेवण जाईना. पोटात गाठ निघाली. त्यांची मुलगी वलसाडच्या बाजूला दिलेली, तिच्याकडे राहून तिथल्या दवाखान्यात उपचार घ्यायचे ठरले. जायच्या आदल्या सकाळी ते आमच्या वाडीत आले, पहिल्यांदाच. डोक्यावर घोंगडी, हातात बांबूचं डालगं, डालग्यात तीन कोंबड्या आणि एक कोंबडा. आईनं त्यांना ओटीवर बसवून चहा दिला. बशी दोन्ही हातांनी धरावी लागत होती. मी डालग्याकडे बघत उभी. वेड्यासारखं विचारलं, काका, पाड्यात एवढे शेजारी असताना इतक्या लांब माझ्याकडे का?

"शेजाऱ्यांना ठावं हाय मी कुठं चाललो," ते म्हणाले. "तुला ठावं असाय पायजे."

मग रीतीप्रमाणे त्यांनी सगळं सांगितलं. कुठलं गाव, स्टेशनपासून कुठली रिक्षा, जावयाचा नंबर, कधी परत येणार. गणपतीपर्यंत, म्हणाले. मी सगळं लिहून घेतलं, आणि त्यांचा विश्वास बसावा म्हणून वाचून दाखवलं. तांबडी खोडकर आहे, चिकूच्या झाडावर चढून बसेल, तिला हाकलू नको, आपोआप उतरते, हेही त्यांनी लिहायला लावलं. निघताना आईला म्हणाले, पोरगी चांगली हाय तुमची, जरा शिकलेली हाय एवढंच.

गणपती आले आणि गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला तो पहिला मला. बापानं तिला बजावून ठेवलं होतं म्हणे, कोंबड्या जिच्याकडं हायत तिला आधी कळव. मी गेले, शेवटचं बघितलं. खांद्यावरचा तो वण तेवढा तसाच होता. त्यांच्याबरोबर गेलेल्या काकी मुलीकडेच राहिल्या, म्हणाल्या, वैशाखात येईन घराकडे.

दिवाळीनंतर फेरी सुरू झाली. ज्या बाईनं रमिलाचं घर तीनदा बंद लिहिलं होतं, तिच्याकडे आता काकांचे पाडे होते. एक दिवस दुपारी तिचा फोन आला. ती काकांच्या अंगणात उभी होती. दाराला काठी लावलेली. तिनं शेजारी विचारलं होतं, आणि शेजाऱ्यांनी सांगितलं होतं की कोंबड्या डहाणूच्या बायकडे. ती म्हणाली, "मॅडम, काय लिहू?"

मी म्हटलं, माझं नाव लिही. त्याच्यापुढं नंबर. काकी कुठं आहेत आणि कधी येणार ते सांगितलं, गाव, स्टेशन, रिक्षा सगळं. मग घरातल्या माणसांची यादी आली. पहिलं नाव काकांचं. 'बाहेरगावी' की 'मयत', एवढे दोनच पर्याय होते तिच्यासमोर, आणि ती थांबून राहिली. ते तोंडानं मलाच सांगावं लागलं.

संध्याकाळी घरी आले. तांबडीनं वाडीत अकरा पिल्लं काढली होती, आता चांगली तुरतुरत होती. काकी वैशाखात येणार, पण मला त्या दिवशीच वाटणी करून ठेवावीशी वाटली. ओटीवर दोन टोपल्या घेतल्या आणि एक इकडे, एक तिकडे, अशी टाकत गेले. पाच आणि पाच झाली. अकरावं सांभाळणारीचं असतं. घारीवर नजर मी ठेवली होती, आई साक्षीला होती.

ते मी त्यांच्या टोपलीत टाकलं. काका असते तर त्यांनी ते ऐकलं नसतं. उचलून माझ्या टोपलीत घातलं असतं, म्हणाले असते, रीत ती रीत, बाय. मी बराच वेळ टोपलीशी बसून होते. कुणी उचललं नाही.